बुडवलेल्या जहाजाचे मत्स्यघर



दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात एक वाद रंगला. एक विद्यार्थी सुटीत मामाकडे वेंगुर्ल्याला गेला होता. नौदलाची एक जुनी नौका निवतीजवळच्या समुद्रात मुद्दाम बुडवण्याची योजना आहे, असे त्याने तिथे ऐकले होते. त्यावर दुसरा म्हणाला, "आपण समुद्रात पिशवी टाकली तर बाई रागावतात. मग अख्खे जहाज टाकलेले कसे चालते?" मागच्या बाकावरच्या एका मुलीने लगेच उत्तर दिले. तिचे वडील होडी घेऊन मासेमारीला जातात. ती म्हणाली, "जिथे खडप असते तिथेच मासळी असते. जहाज बुडाले की त्याचे खडप होते."

दोघांचेही म्हणणे खरे वाटत होते. तास संपला, पण वाद मिटला नाही. शेवटी बाईंनी हा प्रश्न आम्हा विज्ञान मंडळाकडे सोपवला. आम्ही जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, ते या अंकात मांडत आहोत.

खडपाला एवढे महत्त्व का?

समुद्राच्या तळाचा फार मोठा भाग वाळूचा किंवा चिखलाचा असतो. वाळू सतत हलते. तिच्यात पुरून राहणारे तिसऱ्यांसारखे जीव जगतात, पण ज्यांना आयुष्यभर एका जागी घट्ट चिकटून राहायचे असते त्यांना तिथे थारा मिळत नाही. माळरानावर झाड नसेल तर पक्षी घरटे कुठे बांधणार? तसेच हे आहे.

टणक खडक मिळाला की चित्र बदलते. त्यावर शेवाळ धरते. कालवे, शिनाणे, स्पंज आणि प्रवाळ चिकटतात. त्यांच्या फटींत खेकडे आणि शेवंडे राहतात, लहान मासे लपतात, आणि त्यांना खायला मोठे मासे येतात. मालवणजवळच्या समुद्रात आणि आपल्या मुरगावजवळच्या ग्रँड बेटाभोवती असे नैसर्गिक खडप आहे. कोकण किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्राखाली एक विस्तीर्ण पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलेले हे नाव आहे. तिथेही प्रवाळांची मोठी वस्ती आहे.

नैसर्गिक खडप नसेल तिथे माणसाने ते तयार करायचे, ही कल्पना नवीन नाही. केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या दगड आणि झाडांच्या फांद्या समुद्रात सोडत आले आहेत. जपानमध्येही ही पद्धत शेकडो वर्षांची आहे. अलीकडे कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काँक्रीटचे पोकळ ठोकळे बनवून ते समुद्रात बसवते. जुने जहाज बुडवणे हा त्याच कल्पनेचा मोठा अवतार आहे.

ओरिस्कनीची गोष्ट

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. 'यूएसएस ओरिस्कनी' हे विमानवाहू जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन येथील नौदल गोदीत बांधले गेले. बांधणी १९४४ मध्ये सुरू झाली, मध्ये काही काळ काम थांबले आणि १९५० च्या सप्टेंबरमध्ये ते नौदलात दाखल झाले. लांबी जवळजवळ पावणेतीनशे मीटर, म्हणजे फुटबॉलची अडीच मैदाने एकापुढे एक ठेवावीत एवढी.

कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही युद्धांत हे जहाज होते. २६ ऑक्टोबर १९६६ रोजी जहाजावर मोठी आग लागली आणि ४४ जण मरण पावले. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला, या जहाजावरून उड्डाण केलेले एक विमान हनोईवर पाडले गेले आणि त्याचा वैमानिक युद्धकैदी झाला. तो वैमानिक म्हणजे जॉन मॅकेन. पुढे २००८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली.

१९७६ मध्ये जहाज निवृत्त झाले. मग बरीच वर्षे ते नुसते उभे होते. १९९५ मध्ये भंगारात विकले गेले, पण ठेकेदाराकडून तोडणी झाली नाही आणि नौदलाने ते परत घेतले. एवढ्या मोठ्या जहाजाचे करायचे काय, हा प्रश्न होताच. अखेर २००४ मध्ये ठरले की फ्लोरिडा राज्यातील पेन्सकोला शहरासमोर, मेक्सिकोच्या आखातात ते मुद्दाम बुडवायचे आणि त्याचे कृत्रिम खडप करायचे.

इथे आठवीच्या पहिल्या मुलाचा प्रश्न येतो. जहाज होते तसेच बुडवले काय? नाही. ते आधी टेक्सासला नेऊन साफ करण्यात आले. टाक्यांतले तेल, सुटे झालेले रंगाचे पापुद्रे आणि इतर घातक वस्तू काढण्यात आल्या. या कामाला आणि सरकारी परवानगीला इतका वेळ लागला की २००५ चा वादळांचा हंगाम आला, आणि पेन्सकोलाला आणलेले जहाज पुन्हा टेक्सासला ओढून न्यावे लागले. २००६ च्या मार्चमध्ये ते परत आले.

१७ मे २००६ रोजी सकाळी जहाजाच्या तळाशी ठरावीक ठिकाणी बसवलेल्या सुरुंगांचे स्फोट करण्यात आले. एकूण स्फोटके सुमारे ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास होती. आत पाणी शिरले, मागची बाजू आधी खाली गेली आणि सदतीस मिनिटांत जहाज दिसेनासे झाले. या जहाजावर नोकरी केलेले अनेक वृद्ध नौसैनिक लांब बोटींवर उभे राहून बघत होते. ज्या जहाजावर तारुण्य गेले ते डोळ्यांसमोर बुडताना त्यांना काय वाटले असेल, हे आपण समजू शकतो. पण भंगाराच्या भट्टीत वितळण्यापेक्षा हा शेवट बरा, असेही त्यांच्यातल्या पुष्कळांना वाटत होते.

जहाज सुमारे २१२ फूट खोल तळावर सरळ उभे टेकले. बुडवणाऱ्यांना तेच हवे होते. आडवे पडले असते तर बरीचशी उंची वाया गेली असती. विमाने उतरण्याचा सपाट डेक तेव्हा पृष्ठभागापासून १३५ फुटांवर होता. २००८ मध्ये गुस्ताव हे चक्रीवादळ आले आणि त्याच्या लाटांनी तळाची वाळू अशी हलवली की एवढे अवजड जहाज आणखी सुमारे दहा फूट खाली गेले. वादळ पृष्ठभागावर, आणि धक्का दोनशे फूट खाली! समुद्राची ताकद कळायला हे एक उदाहरण पुरे.

लोखंडावर जीव कसा धरतो?

आपल्या जेटीवरच्या खांबांना हात लावून पाहिलाय का? भरतीच्या रेषेखाली टणक, खरखरीत, पांढरट खवले चिकटलेले असतात. त्यांना बार्नेकल म्हणतात. होडीच्या बुडाला तेच चिकटतात आणि ते खरवडून काढताना आपल्या मच्छीमार पालकांचा घाम निघतो. बुडालेल्या जहाजावर हेच घडते, फक्त तिथे खरवडणारे कोणी नसते.

पहिल्या काही दिवसांतच जिवाणूंचा बुळबुळीत थर तयार होतो. समुद्राच्या पाण्यात असंख्य जीवांची पिल्ले तरंगत असतात. ती इतकी लहान असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना तो थर सापडला की ती तिथे बूड टेकतात. मग शेवाळ, बार्नेकल, कालवे, पाठोपाठ स्पंज आणि मऊ प्रवाळ येतात. मासे मात्र या सगळ्यांची वाट पाहत नाहीत. त्यांना आडोसा मिळाला की ते येतात, त्यामुळे नव्या जहाजाभोवती काही आठवड्यांतच मासे दिसू लागतात. ओरिस्कनीवर आज आपल्या तांबोशीचे भाऊबंद, गोबऱ्याच्या जातीचे मोठे मासे आणि दातेरी बॅराकुडा यांचे थवे असतात.

जहाजाची उंचीही उपयोगी पडते. प्रवाह त्याच्या भिंतीवर आदळून वर वळतो आणि त्याबरोबर अन्नकणही येतात. एकाच जहाजावर वर उजेडाचे आणि खाली अंधाराचे, असे वेगवेगळे मजले मिळतात. आपल्याकडच्या चाळीसारखे म्हणा ना, प्रत्येक मजल्यावर वेगळे बिऱ्हाड!

खाली जाऊन पाहायचे तर

अशी जहाजे पाहायला पाणबुडे जातात ते स्कूबाची साधने घेऊन. फ्रान्सचे जॅक कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ मध्ये या साधनाचे आधुनिक रूप तयार केले. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असे पुष्कळांना वाटते. खरे तर नेहमीच्या टाकीत आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. तोंडातला नियंत्रक ती हवा बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने देतो. म्हणूनच छातीवर पाण्याचे ओझे असूनही श्वास घेता येतो.

आता थोडे गणित करू. पृष्ठभागावर हवेचा दाब १ मानला, तर समुद्रात दर १० मीटरला तो सुमारे १ ने वाढतो. १० मीटरवर २ आणि ४० मीटरवर ५. म्हणजे ४० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला पाचपट हवा लागते. जी टाकी पृष्ठभागावर तासभर पुरेल, ती तिथे १२ मिनिटांत संपेल.

याहून महत्त्वाची गोष्ट नायट्रोजनची. वाढलेल्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की फेस येतो, तसे पाणबुड्याने घाईने वर आल्यास शरीरात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी जीव जातो. ब्रुकलिनच्या प्रसिद्ध पुलाचा पाया १८७० च्या सुमारास घालताना, पाण्याखालच्या दाबाच्या पेट्यांत काम करणाऱ्या मजुरांना हाच विकार जडला होता. म्हणून पाणबुडे सावकाश वर येतात आणि पृष्ठभागाच्या सुमारे ५ मीटर खाली तीन मिनिटे थांबतात.

दुसरा नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरलेला फुगा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होतो. फुप्फुसेही फुग्यासारखीच आहेत. आणि तिसरा नियम म्हणजे एकट्याने कधीही जायचे नाही.

हौशी पाणबुड्यांसाठी ४० मीटर, म्हणजे १३० फूट, ही खोलीची मर्यादा मानतात. ओरिस्कनीचा डेक आता १४५ फुटांवर आहे. म्हणजे तो या मर्यादेच्या खाली गेला! त्यामुळे बहुतेक पाणबुडे डेकवरच्या मनोऱ्याभोवती फिरून परत येतात. त्याहून खाली जायला वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी साधने लागतात. जहाजाच्या आत शिरणे तर आणखी धोक्याचे. आत अंधार असतो, गाळ उडाला की हात दिसत नाही आणि डोक्यावर पाणी नसून छत असते.

खाली रंगही बदलतात. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते. थोड्याच खोलीवर लाल वस्तू काळपट दिसू लागते. विजेरीचा झोत टाकला की राखाडी वाटणारी भिंत एकदम केशरी-लाल होते. रंग तिथेच होते, उजेड नव्हता.

नाण्याची दुसरी बाजू

इथवर वाचून मागच्या बाकावरची मुलगी जिंकली असे वाटेल. पण पहिल्या मुलाचा प्रश्न सोपा नव्हता.

पहिली अडचण विषाची. ओरिस्कनीच्या विजेच्या तारांच्या वेष्टनात पीसीबी नावाची रसायने होती. ती लवकर नष्ट होत नाहीत आणि माशांच्या चरबीत साठतात. अमेरिकेत त्यांचे उत्पादन १९७९ मध्ये बंद करण्यात आले. द्रवरूप पीसीबी काढले, पण जहाजभर पसरलेल्या तारा उपटणे फार खर्चाचे होते. सुमारे ७०० पौंड पीसीबी आतच राहील असा अंदाज होता. धोका स्वीकारण्याजोगा आहे असे ठरवून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने परवानगी दिली. नंतर तिथले मासे पकडून तपासण्यात आले. पहिल्या काही वर्षांत त्यांच्यात पीसीबीचे प्रमाण वाढलेले आढळले आणि मग ते उतरत गेले. हे योग्य झाले का, यावर तिथे आजही दोन मते आहेत.

दुसरी अडचण चुकीच्या वस्तूंची. फ्लोरिडातच फोर्ट लॉडरडेलसमोर १९७२ मध्ये वीस लाखांहून अधिक जुने टायर समुद्रात टाकण्यात आले. मत्स्यघरही होईल आणि कचराही जाईल, असा हेतू होता. टायर हलके असतात. बांधलेल्या साखळ्या आणि दोऱ्या गंजल्या, तुटल्या, आणि टायर वाहत जाऊन शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आदळले. २००७ पासून सैन्याचे पाणबुडे उतरवून ते काढण्याचे काम करावे लागले. हेतू चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही, हा त्यातला धडा.

तिसरा प्रश्न शास्त्रज्ञांचा. जहाजाभोवती मासे दिसतात, पण ते नवे जन्मलेले की आसपासचे येऊन गोळा झालेले? नुसतेच गोळा झाले असतील आणि तिथेच सगळ्यांनी जाळी टाकली, तर मासे वाढण्याऐवजी लवकर संपतील. म्हणून अशा ठिकाणी किती आणि कशी मासेमारी करायची याचे नियम हवेत. शिवाय जहाजात अडकून तुटलेली जाळी वर्षानुवर्षे मासे मारत राहतात. त्यामुळे जागा ठरवताना तिथे जाळी ओढणाऱ्यांना आधी विचारले पाहिजे.

आपल्या किनाऱ्याचा विचार

बुडालेल्या जहाजाची वाईट बाजू गोव्याने स्वतः पाहिली आहे. २००० च्या जूनमध्ये पावसाळी वादळात 'रिव्हर प्रिन्सेस' हे मोठे जहाज कांदोळी-सिकेरी किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. ते दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच गंजत राहिले. किनाऱ्याची वाळू वाहून गेली, मच्छीमार आणि व्यावसायिक हैराण झाले. आपल्यापैकी अनेक पालकांना ते दृश्य आठवत असेल. त्या जहाजाला कोणी जागा निवडून दिली नव्हती, आणि उथळ पाण्यात ते लाटांच्या मार्गात उभे होते. 'ओरिस्कनी'ची जागा मात्र किनाऱ्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर आणि खोल पाण्यात, विचार करून ठरवलेली होती. बुडलेले आणि बुडवलेले यांत एवढा फरक आहे.

आता निवतीकडे वळू. 'आयएनएस गुलदार' ही नौका १९८५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणे हे तिचे काम. २०२४ च्या जानेवारीत ती पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. सिंधुदुर्गात निवती रॉक्स परिसरात ती बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम खडप करायचे, अशी ही योजना. तेरेखोलच्या पलीकडचे ते पाणी आपल्यापासून दूर नाही. मासे राज्याची हद्द ओळखत नाहीत.

मग वाद कोण जिंकले?

आमच्या मते दोघेही अर्धे अर्धे. जहाज म्हणजे कचरा की खडप, हे बुडवण्याआधी काय केले आणि नंतर काय केले यावर ठरते. म्हणून अशी बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. आतले तेल आणि विषारी वस्तू काढल्या का? जागा कोणी आणि कशी निवडली? तिथल्या मच्छीमारांना विचारले का? पुढची दहा वर्षे तिथले पाणी आणि मासे कोण तपासणार? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर आनंद माना. एकही उत्तर मिळाले नाही, तर पिशवीबद्दल रागावणाऱ्या बाईंची आठवण ठेवा.

पालकांसाठी एक सूचना. हिवाळ्यात समुद्र शांत असतो आणि मुले डायव्हिंगचा हट्ट धरतात. बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्था १० वर्षांखालच्या मुलांना समुद्रात स्कूबाचे प्रशिक्षण देत नाहीत. दमा, कानाचे दुखणे किंवा सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागून पाहण्यात संकोच करू नका. स्वस्त मिळाले म्हणून कोणाच्याही होडीत मुलांना बसवू नका.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. मंगलोरी कौलाचा एक तुकडा घ्या, सुतळी न वापरता नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधा आणि घरातल्या मोठ्या माणसाबरोबर, होडीवाल्यांना विचारून, जेटीच्या कडेला पाण्यात सोडा. दर रविवारी वर काढून पाहा, चित्र काढा, परत सोडा. दोन महिन्यांनी कौल आणि दोरी दोन्ही घेऊन शाळेत या, पाण्यात काही सोडून येऊ नका. कोणाच्या कौलावर किती बिऱ्हाडे आली ते आपण प्रयोगशाळेत मोजू. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला आठवीच्या वर्गाची भेट घडवावी, अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळाला केली आहे. तिथे हा वाद पुन्हा काढायचा, असे दोन्ही बाजूंनी ठरवले आहे.

विज्ञान मंडळ